ई-सिगारेट म्हणजे नेमकं काय, आणि तंबाखूपेक्षा वेगळी कशी? (पालकसभेसाठी माहिती हवी)

वर्गशिक्षक_नववी_ब

नमस्कार मंडळी. नववी-दहावीच्या पालकांसमोर तंबाखूविषयी अर्धा तास बोलायचं आहे. विडी, सिगारेट, गुटखा, मावा, मिश्री यांवर सांगण्यासारखं भरपूर आहे, फलकही तयार आहेत. गाडी अडते ती व्हेपपाशी, म्हणजे ई-सिगारेटपाशी. पालक हमखास विचारतात ते असं: ही नुसती वाफ असते का? तिच्यात तंबाखू असते की नसते? सिगारेटपेक्षा कमी घातक असेल तर बंदी कशाला? आणि बंदी असेल तर बाळगल्यावर काय होतं?

"वाईट असतं" एवढ्यावर भागणार नाही. पालकांत इंजिनिअर असतात, औषध दुकानदार असतात, ते लगेच पुढचा प्रश्न टाकतात. यंत्र कसं चालतं इथपासून सांगितलंत तर बरं.

कॉइल_आणि_कापूस

पहिली गोष्ट, "वाफ" हा शब्दच दिशाभूल करतो. वाफ म्हटली की डोळ्यांसमोर इडलीपात्र येतं. इथे पाणी जवळजवळ नसतंच. तोंडातून बाहेर पडताना दिसतं ते तेलकट द्रवाच्या अतिसूक्ष्म थेंबांचं धुकं. थेंब इतके बारीक की फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात.

यंत्र तसं साधं आहे. एक लिथियम बॅटरी, एक दाब ओळखणारा सेन्सर, एक तापणारी तार म्हणजे कॉइल, तिच्यात किंवा तिच्याभोवती कापसाची वात, आणि ती वात ज्यात भिजते तो द्रव. झुरका ओढला की आतला दाब किंचित कमी होतो, सेन्सर तो ओळखतो आणि कॉइलला वीज सोडतो. काही यंत्रांत सेन्सरऐवजी बटण असतं. कॉइल कँथल किंवा नायक्रोम या मिश्रधातूंची किंवा स्टीलच्या जाळीची असते. ती तापली की वातीतला द्रव उकळतो, आत येणाऱ्या थंड हवेत त्याचे थेंब होतात आणि तेच धुकं तोंडात येतं. ओढणं थांबलं की वीज बंद. पणतीशी तुलना करायचा मोह होतो, कारण वात आणि द्रव दोन्ही आहेत, पण पणतीत ज्योत असते, इथे काहीच पेटत नाही. सिगारेटशी असलेला सगळ्यात मोठा फरक हाच.

द्रवात चार गोष्टी: प्रोपिलीन ग्लायकॉल, वनस्पतिजन्य ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वाद. पहिला पातळ असतो, स्वाद नीट वाहून नेतो, घशाला चुरचुरतो आणि १८८ अंश सेल्सिअसला उकळतो. ग्लिसरीन दाट असतं, २९० अंशांना उकळतं आणि ढग मोठे करतं. छोट्या पॉडमध्ये (यंत्राला बसणाऱ्या द्रवाच्या डबीत) दोन्ही साधारण निम्मे-निम्मे घालतात. मोठा धूर काढणाऱ्या यंत्रांत ग्लिसरीन ७० टक्क्यांपर्यंत जातं. विकणारे सांगतात, "हे तर केकमध्ये आणि औषधांत वापरतात." खरं आहे, वापरतात. पण ते पोटात जाण्यासाठी. पोटात गेलेल्या पदार्थाला आतडं आणि यकृत गाळणी लावतात, फुफ्फुसात अशी गाळणी नाही. दालचिनीचा किंवा लोण्याचा स्वाद खायला निर्धोक असला म्हणून ओढायला निर्धोक ठरत नाही. लोण्याच्या स्वादातलं डायॲसिटिल हे त्याचं ठरलेलं उदाहरण: अमेरिकेत मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका त्याने कायमच्या अरुंद झाल्या होत्या. ते कामगार त्याची हवेतली वाफ मोठ्या प्रमाणात श्वासावाटे घेत होते, हेही सोबत सांगा, नाहीतर औषध दुकानदार पालक तुम्हाला पकडतील.

आता बिघाड. कारण "आत काही जळत नाही" हे वाक्य यंत्र नीट चाललं तरच खरं असतं.

वात कोरडी पडणं सगळ्यात वाईट. पाठोपाठ झुरके ओढले, टाकीत तळाशीच द्रव उरला किंवा पॉडच्या बारीक भोकांतून दाट द्रव वेळेत वातीपर्यंत पोचला नाही, तर कॉइलला थंड ठेवायला काहीच राहत नाही. तिचं तापमान झपाट्याने वर जातं. ओल्या वातीत ते द्रवाच्या उकळबिंदूच्या आसपास अडकून राहतं, कोरड्या वातीत तो लगाम सुटतो. मग ग्लिसरीन फुटून ॲक्रोलीन तयार होतं, फॉर्माल्डिहाइड तयार होतं आणि कापूस करपतो. कढईतलं तेल जास्त तापल्यावर डोळ्यांना झोंबणारा जो धूर निघतो, त्यात हेच ॲक्रोलीन असतं. करपट चव आली की जाणती माणसं थांबतात. पण गोड स्वाद भरपूर असेल तर थोडंफार करपलेलं कळतही नाही. शिवाय गोडीसाठी घातलेलं सुक्रॅलोज कॉइलवर काळ्या पापुद्र्यासारखं जमत जातं आणि कॉइल लवकर खराब होते.

उलट बाजू म्हणजे द्रव जास्त होणं. मग गुळगुळ आवाज येतो आणि गरम थेंब जिभेवर उडतात. निकोटीनयुक्त द्रव सरळ गिळला जातो तो असा.

तिसरी गोष्ट धातू. कॉइल आणि तिचे सांधे तापत-गार होत राहतात, त्यातून निकेल, क्रोमियम आणि सांध्याच्या डाकातून शिसं द्रवात उतरू शकतं. द्रव पॉडमध्ये बरेच दिवस पडून राहिला की हे जास्त.

चौथी बॅटरी. भरलेल्या सेलचा विद्युतदाब ४.२ व्होल्ट, सरासरी ३.७. कॉइल १.२ ओहमची असेल तर ३.७ चा वर्ग भागिले १.२, म्हणजे साधारण ११ वॅट. तिच्या जागी ०.२ ओहमची लावली तर ६८ वॅट, आणि सेलमधून साडेअठरा अँपिअर जातात. प्रत्येक सेल हे झेपवू शकत नाही. १८६५० नावाचा सेल (१८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब) सुटा खिशात किल्ल्यांबरोबर ठेवला आणि वरचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलेलं असलं, तर थेट शॉर्ट होतो. मांडीवरचे भाजल्याचे प्रकार बहुतेक असेच होतात.

दंतमंजन

वरच्या यंत्रशास्त्राला जोड म्हणून शरीराची बाजू सांगतो. पालकांना आधी तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवा: निकोटीन, धूर आणि तंबाखूचं पान. लोकांच्या डोक्यात या तिन्हींचा काला झालेला असतो आणि निम्मे वाद त्यातूनच निघतात.

सिगारेटमध्ये तिन्ही आहेत. पान आहे, ते जळतं म्हणून धूर आहे, आणि धुरावर बसून निकोटीन मेंदूपर्यंत जातं, १० ते २० सेकंदांत. झुरका घेताना सिगारेटचं टोक सुमारे ९०० अंशांना पोचतं. त्या तापमानाला वनस्पती अर्धवट जळली की हजारो रसायनं होतात. मोजली गेलेली ७,००० च्या वर आहेत आणि त्यांतली सुमारे ७० कर्करोगकारक. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड इथलेच. हृदयविकार, दमा-खोकला, फुफ्फुसाचा कर्करोग यांचं मुख्य कारण धूर आहे. निकोटीनचं काम माणसाला त्या धुराकडे पुन:पुन्हा ओढून आणण्याचं.

विडीतही तिन्ही आहेत. तंबाखू सिगारेटच्या तुलनेत बरीच कमी, पण टेंभुर्णीचं पान सिगारेटच्या कागदासारखं हवा आत घेत नाही, म्हणून विडी सारखी विझते आणि ती जिवंत ठेवायला जोरात, वरचेवर ओढावं लागतं. त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी न होता उलट जास्त जातं. "विडी हलकी, देशी" हा समज इथेच खोडून टाका.

तोंडातल्या तंबाखूत धूर नाही, पण पान आहे आणि निकोटीन आहे. चुना का मळतात? चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होतं आणि अशा स्थितीतलं निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरतं. पानातल्या नायट्रोसअमाइन या कर्करोगकारक रसायनांचा संबंध थेट हिरडीशी आणि गालाशी येतो, तोही अर्धा-अर्धा तास, रोज त्याच जागी. गुटखा, मावा, खर्रा यांत सुपारीही असते आणि सुपारी स्वतः कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी. तोंड उघडेनासं होण्याचा आजार सुपारीचा. पालकांना लगेच करून बघता येईल अशी खूण सांगा: स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जायला हवीत. दोनच गेली तर दंतवैद्याकडे जायचं. मिश्रीही याच गटात येते. भाजलेली तंबाखूच ती, दात घासायच्या नावाखाली.

ई-सिगारेटमध्ये पान नाही, ज्वलन नाही, निकोटीन मात्र आहे, तंबाखूतूनच काढलेलं किंवा प्रयोगशाळेत बनवलेलं. डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नगण्य. दोन झुरक्यांच्या मध्ये सिगारेटचं टोक अगरबत्तीसारखं धुमसत राहून शेजाऱ्याच्या नाकात धूर सोडतं, तसंही इथे होत नाही. शेजाऱ्याकडे जातं ते फक्त ओढणाऱ्याने बाहेर सोडलेलं धुकं. म्हणून "त्यात तंबाखू असते का" याचं उत्तर नाही असं आहे, आणि "मग व्यसन लागत नाही ना" याचं उत्तर लागतं असं आहे. दोन्ही एका दमात सांगा. पहिलं सांगून पाणी प्यायला थांबलात तर मुलं तेवढंच घेऊन घरी जातील.

शेवटी एक गल्लत. तंबाखूची कांडी ३५० अंशांपर्यंत भाजणारी यंत्रं मिळतात. ती दिसायला ई-सिगारेटसारखी असतात, पण त्यांत खरं पान असतं. आपल्या कायद्याने दोन्ही एकाच व्याख्येत घेतली आहेत, ई-हुक्काही. साध्या हुक्क्यात मात्र तंबाखू आणि कोळसा दोन्ही असतात. पाण्यातून गेलेला धूर गाळला जातो ही अफवा आहे, तो फक्त गार होतो.

शंकेखोर

हे सगळं मान्य. पण मग ब्रिटनमध्ये सरकारच सांगतं की ई-सिगारेट ९५ टक्के कमी घातक आहे, आणि सिगारेट सोडायला ती फुकट देतात. आपल्याकडे सिगारेट प्रत्येक टपरीवर आणि कमी घातक वस्तूवर बंदी. हे उलटं नाही का?

दंतमंजन

प्रश्न रास्त आहे. सभेत कोणीतरी विचारणारच, म्हणून जरा सविस्तर.

९५ टक्के हा आकडा इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये पुढे ठेवला. तो तज्ज्ञांचा अंदाज आहे. प्रयोगशाळेत कोणी मोजून काढलेला नाही. तुलना आहे ती जळत्या सिगारेटशी. "सिगारेटपेक्षा कमी घातक" हे जवळपास सगळेच मान्य करतात, कारण सिगारेटइतकी वाईट वस्तू शोधूनही सापडायची नाही. वाद आहे तो दीर्घकाळाचा. आजच्या रूपातली ई-सिगारेट २००३ च्या सुमारास चीनमध्ये होन लिक या औषधतज्ज्ञाने बनवली. कर्करोग दिसायला वीस-तीस वर्षं लागतात.

सोडण्याचं म्हणाल, तर तिथल्याच एका चांगल्या चाचणीत ८८६ धूम्रपी घेतले होते. २०१९ ची चाचणी. वर्षभरानंतर ई-सिगारेट गटातल्या १८ टक्के लोकांची सिगारेट सुटली होती, निकोटीनचं च्युइंगम-पट्टी वापरणाऱ्या गटात ९.९ टक्के. म्हणजे फायदा आहे. पण तोच आकडा पुढे वाचा: सिगारेट सुटलेल्यांपैकी ई-सिगारेट गटातले ८० टक्के वर्षानंतरही ती ओढत होते, दुसऱ्या गटात च्युइंगम-पट्टी चालू असणारे ९ टक्केच. सिगारेट सुटली, निकोटीन राहिलं. पन्नाशीतल्या, दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्या माणसासाठी हा सौदा चांगलाच म्हणावा लागेल. पंधरा वर्षांच्या, काहीच न ओढणाऱ्या मुलाला यात मिळतं फक्त व्यसन. मेंदूची घडण विशीच्या पुढेही चालू असते आणि लक्ष, आवेग सांभाळणारा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. निकोटीन नेमकं त्यात हात घालतं.

आता आपल्याकडे या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू वापरणारे २६.६ टक्के निघाले. त्यांत ओढणारे ३.८ आणि तोंडात धरणारे २४.४ टक्के (काही जण दोन्ही करतात). म्हणजे आपला बहुतेक तंबाखूवाला धूर ओढतच नाही. "धुरापेक्षा धुकं बरं" हा ब्रिटनचा युक्तिवाद त्याला लागूच होत नाही. मावा खाणाऱ्याच्या हाती व्हेप दिलं तर त्याच्या गालाचा धोका कदाचित कमी होईल, पण आजवर ज्या फुफ्फुसांना काही झालं नव्हतं त्यांत नवीन काहीतरी जाऊ लागेल. आणि बहुधा तो दोन्ही करेल. म्हणून ब्रिटनचे आकडे इथे आणताना ते कोणाच्या कोणत्या सवयीसाठी मोजले ते आधी बघा.

टपरीवर सिगारेट चालू आणि याच्यावर बंदी यातली विसंगती मी नाकारत नाही. एका वस्तूमागे शेतकरी, विडी कामगार आणि कर आहेत, दुसऱ्या वस्तूमागे तेव्हा कोणी नव्हतं.

कायद्याचा_कीस

कायद्याचं थोडक्यात. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने अध्यादेश काढला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात, सगळ्यांवर बंदी, ऑनलाइनही. पहिल्यांदा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला वेगळी शिक्षा: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. उपनिरीक्षक आणि त्यावरचा पोलीस अधिकारी झडती घेऊ शकतो. निकोटीन आहे की नाही याने फरक पडत नाही. व्याख्या यंत्राची आहे, द्रवाची नाही. "हे तर झिरो निकोटीन" हा बचाव चालत नाही.

ओढण्याबद्दल कायद्यात वेगळं कलम नाही, म्हणून "वापर कायदेशीर आहे" असं पुष्कळ जण छातीठोक सांगतात. त्यावर विसंबू नका. देशात विक्री बंद, आयात बंद, तर हातातली वस्तू आली कुठून, हा प्रश्न उरतोच. दुबईहून मामाने आणलेलं एकच का असेना, ती आयातच. विमानतळावर सीमाशुल्कवाले काढून घेतात. उलट बाजूने, सिंगापूरला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: तिथे नुसतं बाळगणं आणि ओढणं हाही गुन्हा आहे. थायलंडमध्येही आयात बंद आहे.

शिक्षकांनी आणखी एक सांगावं. साध्या तंबाखूच्या २००३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्यांना विक्री आणि शाळेपासून १०० यार्डांत विक्री दोन्ही बंद आहेत, पण दंड २०० रुपयांपर्यंतच. तोच टपरीवाला मुलाला सिगारेट किंवा तंबाखू देताना सापडला तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार करताना हे कलम लिहा. २०० रुपयांच्या कलमावर कोणी जागचं हलत नाही.

वर्गशिक्षक_नववी_ब

मंडळी, अपेक्षेपेक्षा फार जास्त मिळालं. आणखी दोन प्रश्न. एक, वस्तू ओळखायची कशी? दप्तरात पेनड्राइव्ह आणि हायलायटर असतातच. दोन, मुलाला तलफ लागलेली असेल तर पालकांनी पहिल्या आठवड्यात काय करायचं?

कॉइल_आणि_कापूस

आकारावरून ओळखू नका, आकार रोज बदलतात. भोकं बघा. एका टोकाला चपट्या तोंडासारखं भोक आणि दुसऱ्या टोकाला किंवा बाजूला हवा आत जायची एक-दोन मिलीमीटरची फट, ही दोन्ही असल्याशिवाय झुरका ओढताच येत नाही. हायलायटरला आरपार हवेची वाट नसते. पेनड्राइव्ह संगणकात लावून बघा, फाइल उघडत नाही पण दिवा लागतो म्हणजे ते चार्ज होतंय. वास आंब्याचा, कलिंगडाचा, पुदिन्याचा. काही मिनिटांत उडून जातो, म्हणून सिगारेटसारखा कपड्यांवर सापडत नाही. सतत तहान आणि तोंड कोरडं पडणं या खुणा दिसू शकतात (प्रोपिलीन ग्लायकॉल पाणी ओढून घेतं), पण तेवढ्यावरून कोणाला दोषी धरू नका. उन्हाळ्यात सगळ्याच मुलांना तहान लागते.

सापडलंच तर वेष्टनावरचा आकडा वाचा. "५ टक्के" म्हणजे एका मिलीलीटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम निकोटीन. युरोपात कमाल मर्यादा २० मिलिग्रॅम आहे, टाकी २ मिलीलीटर. म्हणजे तिथलं भरलेलं यंत्र ४० मिलिग्रॅमचं. आपल्याकडे चोरून येणारं "हजारो पफ"वालं यंत्र १२ मिलीलीटर आणि ५ टक्क्यांचं असेल तर ६०० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात जातं १ ते २ मिलिग्रॅम. सगळं निकोटीन शरीरात शिरत नाही, म्हणून ६०० ला सरळ भागाकार करून "इतक्या सिगारेटी" असं फलकावर लिहू नका. पण अंदाज येतो. शिवाय सिगारेट संपते, थोटूक टाकावं लागतं, दुसरी पेटवायला उठावं लागतं. याला शेवटच नसल्यामुळे आपण किती ओढलं याचा हिशेब मुलाला राहत नाही. "०" लिहिलेल्या द्रवांतही तपासणीत निकोटीन सापडलेलं आहे, तेव्हा छापील आकडा हा फक्त आकडा.

एवढं कडक निकोटीन घशाला कसं सोसतं? साधं निकोटीन अल्कधर्मी असतं आणि चरचरून झोंबतं. त्यात बेंझोइक आम्ल मिसळलं की निकोटीनचा क्षार होतो आणि झोंबणं जातं. हे तंत्र २०१५ नंतर पसरलं. पहिल्या सिगारेटला मुलगा खोकायचा, तो खोकला हा निसर्गाने दिलेला पहारेकरी होता. क्षाराने नेमका तोच हटवला.

दंतमंजन

तलफेबद्दल. शेवटच्या झुरक्यानंतर ४ ते २४ तासांत चिडचिड, अस्वस्थपणा, झोप न लागणं, अभ्यासात लक्ष न लागणं सुरू होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, मग दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. पालकांना हे वेळापत्रक आधी कळलं तर तिसऱ्या दिवशीच्या आदळआपटीला ते उद्धटपणा समजत नाहीत. एकेक तलफ पाच-दहा मिनिटांची असते, तेवढी ढकलायची. परीक्षेच्या आठवड्यात सोडायचा मुहूर्त काढू नका.

झडती, मारझोड आणि खोली बाहेरून बंद करणं याने मुलगा फक्त लपवायला शिकतो. आधी विचारायचं ते किती नाही, कधी ते विचारायचं: सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळाने? अर्ध्या तासाच्या आत असेल तर अवलंबित्व बरंच आहे आणि घरगुती उपायांवर वेळ घालवू नये, डॉक्टरांकडे न्यावं. निकोटीनचं च्युइंगम मोठ्यांसाठी आहे. १८ खालच्या मुलाला दुकानातून आणून स्वतःहून देऊ नका.

मोठ्या माणसांना मात्र ते उपयोगी पडतं आणि निम्मे लोक ते चुकीचं चघळतात, म्हणून पद्धत लिहितो, सभेतल्या तंबाखूवाल्या बाबांसाठी. २ आणि ४ मिलिग्रॅमचं मिळतं. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट किंवा पहिला बार लागत असेल तर ४ चं, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. सावकाश चावायचं. तिखट चव किंवा मुंग्या आल्या की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचं. चव गेली की पुन्हा चावायचं, दुसऱ्या बाजूला धरायचं. असं अर्धा तास. साध्या च्युइंगमसारखं भराभर चघळलं तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी आणि मळमळ होते, तलफ तशीच राहते आणि माणूस म्हणतो, "उपयोग नाही याचा." आधीची पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबू सरबत काही नको, तोंडात आंबटपणा आला की निकोटीन गालातून शिरत नाही. चुन्याचं गणितच उलटं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. तलफ येण्याची वाट न बघता घड्याळावर घ्यायचं.

सरकारी मदतवाणी १८००-११-२३५६, मोफत. तंबाखूच्या पाकिटावरच छापलेली असते, फक्त चित्राकडे बघून लोक पाकीट उलटं ठेवतात.

आणि २०१९ मधली अमेरिकेतली, व्हेप ओढणाऱ्यांतली फुफ्फुसाच्या आजाराची साथ कोणी काढलीच तर: फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण दाखल झाले, ६८ दगावले. मुख्य संशयित ठरलं ते गांजाच्या अर्काच्या द्रवात दाटपणासाठी मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. साध्या निकोटीन द्रवातलं नाही. "व्हेपने ६८ मेले" असं सरसकट सांगू नका. पण चोरून आलेल्या द्रवात काय मिसळलंय हे कोणालाच माहीत नसतं, आणि आपल्याकडे येणारं सगळंच चोरून येतं. व्हेप ओढणाऱ्या मुलाला ताप, खोकला, धाप आणि उलट्या एकत्र झाल्या तर डॉक्टरांना व्हेपचं आधी सांगावं. नाहीतर न्यूमोनिया समजून उपचार चालू राहतात आणि दिवस जातात.

कॉइल_आणि_कापूस

जप्त केलेल्या वस्तूंचं काय करायचं ते राहिलं. शाळेत कपाटात साठवू नका. वर सांगितलेली साठवणूक तुमच्याच नावावर लागायची. मुख्याध्यापकांनी लेखी नोंद करून पोलिसांकडे द्यावं. तोवर उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचं नाही, उघडायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही. कचरागाडीत दाबलं गेलं की सेल पेटतो.

द्रव सांडला तर हातमोजे घालून पुसा आणि कातडीला लागलेला भाग साबण-पाण्याने भरपूर धुवा. निकोटीन कातडीतून शिरतं. लहान भावंडाने चाखला असेल, अगदी एक मिलीलीटर म्हणजे ५० मिलिग्रॅम, तर लाळ, उलटी, घाम, चेहरा पांढरा पडणं सुरू होतं आणि पुढे आकडीही येऊ शकते. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. तोंड पुसून, बाटली किंवा यंत्र सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठायचा, कारण तिथे पहिला प्रश्न "किती टक्क्यांचं होतं" हाच येतो.